आधी गाणे, मग यंत्र : खिशातल्या प्लेअरविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार आला : फोन बाजूला ठेवून केवळ गाणे ऐकण्यासाठी एखादे लहान यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर ते कसे निवडावे. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या भागांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहणारी निवृत्त शिक्षिका असून माझे वय ७२ आहे. गावातल्या बैठकींत आणि मित्रांच्या घरी झालेली गाणी माझ्या यजमानांनी हौसेने ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. अशा साधारण चाळीस कॅसेट घरात आहेत. यजमान गेले, पाठोपाठ टेपरेकॉर्डरही बंद पडला. मुलाने एका दुकानातून ती सर्व गाणी पेनड्राइव्हवर करून आणली आणि माझ्या फोनमध्ये घालून दिली. पण विलंबित ख्याल रंगात आला की नेमका कुणाचा तरी फोन येतो, बँकेचा मेसेज वाजतो, किंवा माझे बोट भलतीकडे लागून गाणेच नाहीसे होते. फक्त गाणे वाजवणारे, बटणांचे लहान यंत्र अजून मिळते का? आणि ते घेताना काय पाहावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : बाई, असे यंत्र अजून मिळते आणि आपली मागणी अगदी रास्त आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये ५ जीबीची हार्ड डिस्क घेऊन आलेल्या आयपॉडचे उत्पादन मे २०२२ मध्ये थांबले, तेव्हा स्वतंत्र प्लेअरचे दिवस संपले असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात सोनीचा वॉकमन आजही निघतो, फियो, शानलिंग, हायबाय या कंपन्या याच कामात आहेत आणि हजार-दोन हजार रुपयांत मिळणारे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, बटणांचे साधे प्लेअरही बाजारात आहेत.

मात्र दुकानात जाण्याआधी घरी बसून एक हिशेब करावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्लेअर सर्वांत शेवटी घ्यायचा असतो; आपल्याजवळ गाणे कोणते आहे, किती आहे आणि कोणत्या स्वरूपात आहे, हे आधी पाहायचे असते. आपल्या कॅसेट ६० मिनिटांच्या आहेत असे धरले, तर चाळीस कॅसेटचे गाणे चाळीस तासांचे झाले. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये एका तासाला साधारण ६३५ एमबी जागा लागते, म्हणजे सगळा संग्रह सुमारे २५ जीबीत बसतो. फ्लॅक नावाचा प्रकार आवाजातले काहीही न गाळता फाइल घट्ट बांधतो आणि बहुधा निम्म्याहून थोड्या अधिक जागेत काम भागवतो. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत तर हेच चाळीस तास ६ जीबीच्या आत येतात. तेव्हा ३२ किंवा ६४ जीबीचे एक चांगले मेमरी कार्ड आपल्याला जन्मभर पुरेल, आणि ‘दहा हजार गाणी मावतात’ या जाहिरातीपायी जादा पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही.

त्यानंतर दुकानदाराने नेमके काय करून दिले आहे ते मुलाला पाहायला सांगावे. संगणकावर फाइलची माहिती उघडली की बिटरेट, म्हणजे वर सांगितलेला केबीपीएसचा आकडा, दिसतो. तो १२८ असेल, किंवा तासाभराची फाइल ५८ एमबीच्या आसपास भरत असेल, तर दुकानदाराने जागा वाचवण्यासाठी आवाज बराच दाबला आहे असे समजावे. कॅसेट अजून घरात असतील तर हे काम पुन्हा करून घेणे मला प्लेअरच्या खरेदीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. या वेळी वेव्ह किंवा फ्लॅकच मागावे, आणि ‘खरखर काढून स्वच्छ करून देतो’ असे कुणी म्हटले तर मूळ प्रतीला हात लावू देऊ नये. खरखर काढणारे सॉफ्टवेअर सतत वाजणाऱ्या बारीक आवाजाला खरखरच समजते, आणि बैठकीत अखंड वाजत असतो तो तानपुरा. खरखर जाते, पण तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा झणकार, जातो, आणि गाणारा एखाद्या बंद खोक्यात बसून गातो आहे असे वाटू लागते. कॅसेट पुन्हा बाहेर काढाल तेव्हा लहान खिडकीतून फितीच्या कडेकडे नीट पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या फितींवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी टेपच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. अशा कॅसेट वेगळ्या काढून जाणकाराकडूनच स्वच्छ करून घ्याव्यात.

आता प्लेअरकडे येऊ. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची असते. पस्तीस-चाळीस मिनिटे चाललेला विलंबित ख्याल तीत मावत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मध्येच खटका ऐकून कॅसेट उलटलेली असते आणि तेवढ्यात दहा-पंधरा सेकंदांचे गाणे कायमचे गेलेले असते. ते परत आणता येत नाही. पण दोन बाजूंच्या दोन फाइल एकामागोमाग वाजताना प्लेअरने स्वतःची आणखी एक खीळ घालू नये, एवढे आपण नक्की पाहू शकतो. या सोयीला ‘गॅपलेस प्लेबॅक’ म्हणतात. एमपीथ्री फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी शांततेचे बारीक तुकडे तयार होतात आणि साधे प्लेअर ते तसेच वाजवतात. शिवाय पुढची फाइल उघडायलाही काही प्लेअर सेकंदभर घेतात. सिनेसंगीत ऐकणाऱ्याला हे जाणवतही नाही. पण अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी राहिले त्या गावातला श्रोता लांब पल्ल्याची, एकात एक गुंफत जाणारी गायकी ऐकत मोठा झालेला असतो, आणि अशा गायकीत सेकंदाची खीळही कानाला टोचते. फ्लॅक फाइल आणि गॅपलेस वाजवणारा प्लेअर ही जोडी जमली तर हा त्रास राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यावरची अक्षरे. पुष्कळ स्वस्त प्लेअरना देवनागरी येत नाही. नावाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. काहींना अक्षरे येतात पण जोडता येत नाहीत, मग ‘विलंबित’मधली वेलांटी व्यंजनाच्या नंतर जाऊन बसते आणि ‘द्रुत’चे तुकडे होतात. दुकानात जाताना एका कार्डावर ‘०१ केदार विलंबित’, ‘०२ केदार द्रुत’ अशा नावांच्या दहा-बारा फाइल घालून न्याव्यात आणि दुकानदाराच्या समोरच प्लेअरमध्ये लावून पाहाव्यात. अक्षरे नीट आली नाहीत तर एक तर दुसरा प्लेअर पाहावा, नाही तर नावे रोमन लिपीत लिहून ठेवण्याची तयारी ठेवावी. त्याच वेळी फाइलचा क्रमही तपासावा. काही साधे प्लेअर नावाप्रमाणे न जाता, ज्या क्रमाने फाइल कार्डावर टाकल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे द्रुत आधी आणि विलंबित नंतर असा प्रकार घडतो. नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घालून फाइल एकेक करून क्रमाने टाकल्या की बहुतेक वेळा हा घोळ मिटतो. नुसता १, २ असा आकडा घातला तर १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

तिसरी, आणि आपल्या वयाचा विचार करता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बटणे. प्लेअर हातात घेऊन डोळे मिटावेत आणि वाजवणे, थांबवणे, आवाज वाढवणे, आवाज कमी करणे ही चार कामे केवळ अंगठ्याने चाचपून जमतात का ते पाहावे. बटणे बंद करून ठेवणारी लॉकची पट्टी बाजूला असेल तर उत्तम, म्हणजे पदराखाली किंवा पिशवीत दाब पडून गाणे बदलणार नाही. बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाणे थांबले होते तिथूनच सुरू होते का, हेही पाहावे. तीन मिनिटांच्या गाण्याला याची गरज नसते. चाळीस मिनिटांच्या ख्यालाला असते.

हे सगळे लक्षात घेता आपल्यासाठी पडद्याला हात न लावता चालणारा, बाजूला कार्डाची खाच असलेला, फ्लॅक वाजवणारा साधा प्लेअर आणि त्याला जोडायला एक लहान तारेचा स्पीकर, अशी माझी सूचना आहे. हेडफोन आपल्याला दिवसभर सोसणार नाहीत. प्लेअरऐवजी रेडिओसारखे दिसणारे, आधीच गाणी भरलेले खोके अनेक घरांत दिसते. सारेगामाचा कारवाँ २०१७ पासून मिळतो आणि त्यात स्वतःचा पेनड्राइव्ह लावण्याची सोय आहे. त्याची बटणे मोठी आणि चांगली आहेत. आपण मुख्यतः आपलाच संग्रह ऐकणार असल्याने मी त्याला दुसरी पसंती देईन, पण कार्ड घालण्या-काढण्याचा कंटाळा असेल तर तोही वाईट नाही. मुलाचा जुना फोन सिमकार्ड काढून केवळ गाण्यासाठी वापरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मात्र बोट भलतीकडे लागण्याची आपली तक्रार त्याने सुटणार नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्या आत्याने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्यांचे ध्वनिमुद्रण आमच्या घरी एकाच कार्डावर होते. ते कार्ड एका सकाळी वाचलेच जाईना, आणि त्यातले काहीही परत मिळाले नाही. तेव्हा प्लेअरमधील कार्ड हा संग्रह नव्हे, ती ऐकण्याची प्रत आहे, असे धरून चालावे. संग्रह दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर असावा, आणि त्यांतील एक मुलाकडे किंवा दुसऱ्या गावी असावी. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना दुसरी प्रत दुसऱ्या घरात का हवी, हे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहतो व अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे लिहिलेला हाय-रेझ प्लेअर घेण्यासाठी पैसे साठवत आहे. त्याने आवाजात खरोखर फरक पडेल का? माझी गाणी एका ॲपवर डाउनलोड केलेली आहेत. ती त्यात घालता येतील ना?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर पहिल्याचे उत्तर अवलंबून आहे. वर्गणी भरून ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी कुलूपबंद असतात. ती त्या ॲपमध्येच वाजतात आणि फाइल म्हणून दुसऱ्या यंत्रात नेता येत नाहीत. त्यासाठी अँड्रॉइडवर चालणारा, वायफायचा प्लेअर लागेल आणि तो साध्या प्लेअरपेक्षा बराच महाग असतो. शिवाय अशा प्लेअरमध्ये अनेकदा अँड्रॉइडची जुनी आवृत्ती असते, आणि काही वर्षांनी ॲपने त्या आवृत्तीची साथ सोडली की प्लेअरचा अर्धा उपयोग संपतो. घेण्यापूर्वी ही आवृत्ती कोणती आहे ते जरूर पाहावे.

आता आकड्यांकडे वळू. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपनसंख्या त्यात पकडता येते, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंत. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते व वयाबरोबर ती खाली येते. १६ बिटांमुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर ठेवता येते. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना २४ बिटांचा फायदा नक्की आहे, कारण तिथे आवाज पुन्हा पुन्हा कमीजास्त करावा लागतो आणि चुकीला जागा लागते. पण तयार झालेले गाणे ऐकताना २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल सीडीच्या दर्जाच्या फाइलपासून डोळे झाकून ओळखणे बहुतेकांना जमत नाही. जागा मात्र ती भरपूर घेते. न दाबलेल्या स्वरूपात तासाला ४ जीबीहून अधिक. तुमचा मित्र एकच गाणे दोन्ही प्रकारांत, तुम्हाला न सांगता, दहा वेळा आलटून-पालटून वाजवील आणि तुम्ही प्रत्येक वेळी अंदाज लिहून ठेवाल, असा प्रयोग पैसे खर्च करण्याआधी एकदा करून पाहावा. दोन्ही फाइल एकाच मूळ ध्वनिमुद्रणाच्या असाव्यात आणि आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो.

शिवाय तुम्ही ऐकता ते गाणे मुळात कसे ध्वनिमुद्रित झाले आहे, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. अशा जुन्या ध्वनिमुद्रणात जे उमटलेच नाही, ते आजची मोठ्या आकड्यांची फाइल निर्माण करू शकत नाही. जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याने आकड्यांपेक्षा ती प्रत कुणी आणि किती काळजीने उतरवली आहे, याची चौकशी करावी.

पैसे साठवलेच आहेत तर त्यांतील मोठा वाटा हेडफोनवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या आणि सामान्य हेडफोनमधला फरक कुणालाही अर्ध्या मिनिटात कळतो. दोन बऱ्या प्लेअरमधला फरक कळायला बरेच दिवस लागतात आणि तरीही खात्री वाटत नाही. हेडफोन निवडल्यावर त्याच्या खोक्यावरचा ओहमचा आकडा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे माप, पाहावा. १६ ते ३२ ओहमचे इअरफोन कोणत्याही लहान प्लेअरवर भरपूर वाजतात. ३०० ओहमचा स्टुडिओ हेडफोन मात्र खिशातल्या प्लेअरवर दबका वाजेल. प्लेअरच्या बाजूने पाहिले तर त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरचा स्वतःचा अडथळा, हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा एक उपयुक्त ठोकताळा आहे. तो अधिक असला तर काही इअरफोनचा खर्ज बिघडतो. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जोडणीतून अधिक शक्ती मिळते, पण तुमच्या हेडफोनला तिची गरज नसेल तर ती बाजूला ठेवावी. ब्लूटूथनेच ऐकणार असाल तर मग प्लेअरमधील महागड्या डॅकचा काहीच उपयोग होत नाही, कारण डॅकचे काम, म्हणजे आकड्यांचे आवाजात रूपांतर, तेव्हा इअरफोनच्या आत होते.

तुमची सर्व गाणी ॲपवरच आहेत, तेव्हा सध्या फोनच्या टाइप-सी खाचेत बसणारा बोटभर लांबीचा डॅक आणि एक चांगला तारेचा इअरफोन घ्यावा. वर्षभरात स्वतःच्या मालकीच्या फाइल जमल्या की प्लेअरचा विचार पुन्हा करावा.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला काम करतो. प्लेअरसाठी ५१२ जीबीचे कार्ड फार स्वस्तात मिळाले. पहिली काही गाणी व्यवस्थित वाजतात. पुढच्या गाण्यांची नावे दिसतात पण ती वाजत नाहीत. प्लेअर खराब आहे का?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : बहुधा कार्ड बनावट आहे. आत ३२ किंवा ६४ जीबीचाच साठा ठेवून, संगणकाला ५१२ जीबी दिसावेत अशी माहिती त्यात भरलेली असते. खरी जागा संपली की पुढच्या फाइलची नुसती नावे लिहिली जातात आणि आतील मजकूर हरवतो. काही कार्डांत तर आधीच्या गाण्यांवरच नवे गाणे लिहिले जाते. एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून पाहता येते. वेळ लागतो, पण निकाल स्वच्छ मिळतो. तपासण्यापूर्वी कार्डावरची गाणी संगणकावर काढून घ्यावीत. ते बनावट निघाले तर पैसे परत मागावेत आणि त्यावर पुन्हा काही ठेवू नये.

कार्ड खरे असून प्लेअर ते ओळखतच नाही, असेही घडते. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फॅट-३२ पद्धतीने आखलेली असतात आणि ६४ जीबीपासून पुढची एक्सफॅट पद्धतीने. जुने किंवा स्वस्त प्लेअर दुसरी पद्धत वाचत नाहीत. नवीन कार्ड घेण्यापूर्वी प्लेअरच्या खोक्यावर कार्डाची कमाल मर्यादा किती लिहिली आहे ते पाहावे.

प्रश्न : आमचा मुलगा केएमटीने कॉलेजला जाता-येता आणि रात्री झोपेपर्यंत कानात इअरफोन घालून असतो. प्लेअरचा आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतो. किती आवाज सुरक्षित मानावा?
— एक पालक, ताराबाई पार्क

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ ला जेमतेम ५ तास. बसमध्ये इंजिनाचा आवाज मोठा असतो, म्हणून मुलगा नकळत गाण्याचा आवाज चढवतो आणि घरी आल्यावरही तो तसाच राहतो. कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांचा इअरफोन बाहेरचा आवाज अडवतो, त्यामुळे कमी आवाजात गाणे स्पष्ट ऐकू येते. त्याच्या कानाच्या मापाची टोपी निवडण्यासाठी दहा मिनिटे जरूर द्यावीत. प्लेअरमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असेल तर त्याच्याशी बोलून, त्याच्याच हाताने ती बांधावी. रस्ता ओलांडताना आणि दुचाकीवर मात्र इअरफोन पूर्णपणे काढलेले असावेत. दसरा चौकासारख्या ठिकाणी मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज कानांवर पडलाच पाहिजे. गाणे बंद केल्यावरही कानात शिटीसारखा आवाज राहत असेल तर वाट न पाहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : मी शिवाजी पेठेत राहते आणि गाणे शिकते. आमच्या गुरुजींनी शिकवतानाच्या जुन्या कॅसेट मला दिल्या. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या. गुरुजी पेटीच्या काळी एकमध्ये गात असत, पण माझ्या प्लेअरवर त्यांचा षड्ज पांढरी दोनला लागतो आणि ताना फारच जलद वाटतात. प्लेअरमध्ये दोष आहे का? रियाझासाठी कोणता प्लेअर घ्यावा?
— एक विद्यार्थिनी, शिवाजी पेठ

उत्तर : दोष प्लेअरचा नाही, फितीच्या वेगाचा आहे. डिजिटल प्लेअर आपणहून स्वर चढवत नाही. काळी एकपासून पांढरी दोन हे अर्ध्या स्वराचे अंतर आहे, आणि तेवढा स्वर चढण्यासाठी फीत सुमारे ६ टक्के जलद फिरावी लागते. म्हणजे ३० मिनिटांचा पाठ सव्वाअठ्ठावीस मिनिटांत आटोपतो, आणि ताना जलद वाटण्याचे कारणही हेच आहे. एक शक्यता अशी की, कॅसेट उतरवताना वापरलेला टेप जलद फिरत होता. दुसरी अशी की, त्या काळी पाठ ध्वनिमुद्रित करताना टेपचे सेल उतरले होते. मोटर मंद फिरली, आणि ती फीत आज योग्य वेगाने लावली की स्वर चढलेला ऐकू येतो. या दोहोंतला फरक ओळखता येतो. सेल उतरत गेले असतील तर कॅसेटच्या बाजूच्या सुरुवातीला स्वर थोडाच चढलेला असेल आणि शेवटाकडे अधिक चढत जाईल. दोष उतरवणाऱ्या टेपचा असेल तर सगळ्या कॅसेट सारख्याच चढलेल्या असतील.

दुरुस्ती ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करता येते. तिथे केवळ स्वर बदलणारी, केवळ लय बदलणारी आणि दोन्ही एकदम बदलणारी अशा तीन वेगवेगळ्या सोयी आहेत. आपल्याला तिसरी, म्हणजे वेग बदलणारी सोय वापरायची आहे, कारण फितीच्या वेगाने स्वर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात बिघडवलेले असतात. पहिली सोय वापरली तर षड्ज जागेवर येईल, पण गुरुजींची लय खोटीच राहील आणि तुम्ही त्या खोट्या लयीवर रियाझ कराल. मूळ फाइल तशीच ठेवून दुरुस्ती तिच्या प्रतीवर करावी.

रियाझाच्या प्लेअरमध्ये मी दोनच गोष्टी पाहीन. एक, गाण्यातील दोन जागा ठरवून त्यांमधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय; अवघड तान बसवताना हिच्यासारखी मदत नाही. ती एका बटणावर असावी, कारण मांडीवर तानपुरा असताना पडद्यावरच्या चार पायऱ्या चढता येत नाहीत. दुसरी, स्वर न बदलता लय कमी करण्याची सोय. ७५ टक्क्यांच्या खाली गेल्यावर आवाज फाटतो, म्हणून फार खाली जाऊ नये. आवाजाचा दर्जा येथे दुय्यम आहे आणि साधा प्लेअर पुरेसा आहे.

वेग नेमका किती कमी करायचा, हे ठरवताना हार्मोनियमवर फार विसंबू नये. जुन्या पेट्या आपापल्या स्वरात लावलेल्या असतात आणि गुरुजींची काळी एक तुमच्या पेटीच्या काळी एकशी तंतोतंत जुळेलच असे नाही. पाठ विजेच्या दिव्याखाली, विजेवर चालणाऱ्या टेपवर झाला असेल तर फितीत अतिशय मंद अशी गुणगुण उमटलेली असते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. पाठाच्या आधी गुरुजी पाणी पीत आहेत, पान उलटत आहेत, अशी शांत जागा निवडून सॉफ्टवेअरमध्ये तिचा वर्णपट, म्हणजे कोणती कंपनसंख्या किती जोराने आहे त्याचा आलेख, काढावा आणि ५० च्या आसपास कोणता उंचवटा दिसतो ते पाहावे. तो ५३ ला दिसला तर वेग ५३ भागिले ५० इतका, म्हणजे ६ टक्के अधिक आहे; तो ५० भागिले ५३ पट, म्हणजे सुमारे ५.७ टक्के कमी करून पुन्हा पाहावे. गुणगुण ५० वर आली की गुरुजींचा षड्जही त्यांच्या मूळ जागी आलेला असेल.